माझ्याच हातानं काढलेलं नाव

“तुझ्या हातानं काढ,” आबा म्हणाले.

माझं उजवं मनगट त्यांच्या मुठीत होतं. आबा सत्तरीच्या पुढचे, पण पकड अजून पलटणीतली. त्यांनी माझा हात उचलून माऊसवर ठेवला आणि वरून दाबला. दोन बांगड्या फुटल्या. एकीचा तुकडा आत शिरला. माऊसवर रक्ताचा थेंब पडला, तो मी ओढणीनं पुसला. मनगट माझं फुटलं होतं आणि पुसतही मीच होते.

ग्रामपंचायतीतली कॉम्प्युटरची खोली. भर दुपार. आत आठ-नऊ बाप्ये उभे. दाराशी आबांचा पुतण्या संग्राम, हाताची घडी घालून. ग्रामसेवक टेबलाचा खण उघडून काहीतरी शोधत होते. माझं मनगट सुटेपर्यंत शोधत होते. त्या खणात स्टॅम्पपॅड आणि मेलेली झुरळं यापलीकडं काही नसतं. मला माहीत आहे, कारण चार वर्षं त्या खोलीत ऑपरेटर म्हणून मीच बसत होते.

स्क्रीनवर माझ्या बापाचं नाव होतं. एक ओळ. मी ती निवडली. निळी झाली. बटण दाबलं. गेली.

“आता खाली कारण लिही. चुकून घातलं हुतं म्हणून लिही.”

लिहिलं. चुकून घातलं होतं. ‘जतन करा’ दाबलं.

मग आबांनी मनगट सोडलं आणि माझ्या कानाखाली मारली. नाव काढेपर्यंत मारली नव्हती. काढल्यावर मारली. खुर्चीसकट मी भिंतीवर गेले. कानात शिट्टी वाजायला लागली, ती तीन दिवस वाजत होती.

“ध्येनात ऱ्हावं म्हणून,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. मास्तर छडी मारून झाल्यावर बोलतात तसं बोलले.

कुणीतरी म्हणालं, “चला, मिटलं.” आणि सगळे चहाला गेले.

मिटलं. हा शब्द आमच्या वस्तीला फार ऐकवतात. वरात अडवली, मिटलं. नळाचा पाइप तोडला, मिटलं. आम्ही मातंग. ओढ्याच्या पलीकडं आमची तीस-पस्तीस घरं. मिटलं म्हणजे आम्ही गप्प बसलो, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी मीही गप्प बसले होते, हे आधी सांगून टाकते. पुढचं त्यानंतरचं आहे.

झालं असं. सांगलीच्या एका ग्रंथालयातल्या मॅडमनी ‘गावकोश’ नावाची वेबसाइट सुरू केली. आपल्या गावाची माहिती आपणच लिहायची. कुणीही खातं काढावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर दुरुस्त करावं. त्यांनी दोन दिवस शिकवलं आणि नियमांचा एक कागद दिला. तो मी कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवला होता. पान कुणाच्या मालकीचं नसतं. बदल केला की कारण लिहा. पटलं नाही तर चर्चा पानावर बोला. समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला.

तो कागद वाचून मला रडू आलं होतं. हसा खुशाल. आमच्या गावात पाराच्या सावलीलाही मालक आहे, आणि इथं कुणीतरी छापून दिलं होतं की मालकी कुणाची नाही.

गावात आमच्या फौजेतली माणसं फार. आबा मानद कॅप्टन होऊन निवृत्त झालेले. तासगावच्या रस्त्याला द्राक्षबाग, नदीकडं ऊस, शब्दाला वजन. त्यांना गावकोशात ‘आमच्या गावचे जवान’ असं पान करायचं होतं. त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. दुखरा गुडघा घेऊन ते वही काखेत मारून घरोघर हिंडले. कुणाचा आजा ब्रह्मदेशात गेलेला, कुणाचा चुलता काश्मिरात, सगळं गोळा केलं. टाइप करणं त्यांना येत नव्हतं. महिनाभर ते रोज दुपारी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे, सांगायचे, मी लिहायचे. शंभराच्या वर नावं. हुद्दा, पलटण, किती वर्षं. मधूनच ते खिशातून बेदाणे काढून माझ्या ओंजळीत टाकायचे. वरून. बोट लागू न देता. मी ते खायचे आणि वर “गोड हायीत आबा” म्हणायचे.

त्या महिन्यात त्यांचं बोट मला एकदाही लागलं नाही. पहिल्यांदा लागलं ते मनगट धरताना. मारायचं असलं की विटाळ होत नाही.

यादी संपत आली तरी मी थांबले होते. आता येईल, आता सांगतील. वही मिटली तेव्हा मी म्हणाले, “आवं आबा, आमच्या दादाचं न्हाई आलं.” बापाला आम्ही दादा म्हणतो.

आबांनी वही काखेत मारली. मग हसले. “तुझा बा जवान हुता व्हय गं? आमी लढाय गेलतो. त्यो आमचं संडास धुवाय.”

मीही हसले. ते हसले म्हणून हसले. कानाखालच्या त्या चपराकीपेक्षा मला माझं ते हसणं जास्त लागतं.

माझा बाप अठराव्या वर्षी भरतीला गेला आणि सफाईवाला म्हणून लागला. फौजेत सफाईवालाही गणवेशात असतो. त्यालाही नंबर असतो, शपथ असते, बंदूक चालवायला शिकवतात. अठरा वर्षं केली त्यानं. डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली. बिल्ले आहेत, सेवापुस्तिका आहे. ते सगळं पत्र्याच्या डब्यात माळ्यावर. घरी आल्यापासून तो केरसुण्या बांधतो. फौजेबद्दल बोलत नाही. विचारलं की म्हणतो, “थंडी लय असती.”

आता गोष्ट नुसत्या पानाची राहिली नव्हती. ग्रामसभेत ठरलं होतं की वेशीत काळ्या दगडाची उंच शिळा उभी करायची आणि तिच्यावर गावच्या जवानांची नावं कोरायची. नावं कुठून घ्यायची? गावकोशाच्या पानावरून, कारागीर येईल त्या दिवशी जशी असतील तशी. पानावर नाव आलं तर दगडावर येणार होतं. दगडावर एकदा राहून गेलं की कायमचं. पुढच्या पोरांनी ती शिळा वाचली असती आणि ओढ्यापलीकडून देशासाठी कुणीच गेलं नाही असं त्यांना वाटलं असतं. माझ्या बापाला जिवंतपणी मारायची ही रीत होती.

आणि मी काय केलं? मी विचारलं. चर्चा पानावर लिहिलं, ‘आदरणीय आबा, आपली हरकत नसल्यास माझ्या वडिलांचे नाव यादीत घालावे, ही नम्र विनंती.’ खाली सही.

कुठल्याही नियमात विचारा असं लिहिलेलं नव्हतं. चूक दिसली तर दुरुस्त करा, असंच होतं. सांगलीतली कुठलीही मुलगी सरळ नाव घालून मोकळी झाली असती. पण आमच्या वस्तीतलं माणूस आजही वरच्या आळीत गेलं की फाटकाबाहेर उभं राहून हाक मारतं, आणि आतून या म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाही. कुणी सांगावं लागत नाही, पायच थांबतात. माझे हात तसे थांबले. जिथं फाटकच नव्हतं, तिथं मी फाटक मानून उभी राहिले. आठ दिवस उभी राहिले. संग्रामनं माझी ती नम्र विनंती पानटपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली, एवढंच उत्तर मिळालं.

नवव्या दिवशी मी नाव घातलं. सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला. बापाला विचारलं, नुसतं जवान लिहू का? तो म्हणाला, “सफाईवाला लिव्ह. खोटं नगं.” मग मोबाइलवर ती ओळ त्यानं तीनदा बघितली. चष्मा पुसून परत बघितली. बाहेर जाऊन केरसुणी बांधायला बसला आणि आईला म्हणाला, “पोरगीनं नाव घातलंय.”

पाऊण तासात नाव गेलं. कारण: अनावश्यक मजकूर. काढणारा संग्राम.

मी परत घातलं. परत गेलं. कारण: लायकी बघून लिहा.

परत घातलं. परत गेलं. कारण: पुन्हा घातलंस तर हात मोडीन.

मी मॅडमना फोन केला. त्या चांगल्या बाई आहेत, अजूनही म्हणते. त्या म्हणाल्या, “अगं, असं पुन्हा पुन्हा बदलणं बरं दिसत नाही. दोन्ही बाजूंनी जरा समजुतीनं घ्या. त्यांचा हेतू वाईट नसेल.” दोन्ही बाजू. एका बाजूला हात मोडीन, दुसऱ्या बाजूला नम्र विनंती, आणि समजुतीनं दोघांनी घ्यायचं. हेतू चांगला आहे असं धरून चालायचं. ज्याला आयुष्यात कुणी फाटकाबाहेर उभं केलं नाही, त्यानंच हा नियम लिहिला असणार. आमच्या चार पिढ्या हेच धरून चालल्या. मालकाचा हेतू चांगला असेल. पाटलाचा हेतू चांगला असेल. लाथ बसेपर्यंत धरून चालल्या.

तरी चौथ्यांदा घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला त्या खोलीत गाठलं.

संध्याकाळी घरी गेले. गाल सुजलेला, मनगटाला फडकं. बाप अंगणात बसला होता, समोर शिंदीचा पाला. त्याला माझ्याआधी गावानं सांगितलं होतं.

“कुणी काढलं?”

“मी.”

“तुझ्या हातानं?”

“व्हय, दादा.”

त्यानं हातातला पाला विंचरून बाजूला ठेवला. मग म्हणाला, “बरं केलंस.” उठला, माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला आणि आईच्या हातात दिला. “ह्यो कुठंतर टाकून दे. घरात नगं.”

आईनं डबा टाकला नाही, पण माझ्याशी ती रात्रभर बोलली नाही. बरोबर होतं तिचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठून मी ते पान उघडलं. वर ‘इतिहास’ असं बटण असतं. त्या पानावर पहिल्या दिवसापासून कुणी काय लिहिलं, कुणी काय काढलं, सगळं नावानिशी आणि वेळेनिशी दिसतं. शिकवलं होतं मला ते, पण कधी नीट बघितलं नव्हतं. बघितलं. सगळ्यात वर माझं नाव. एक ओळ काढली. कारण: चुकून घातलं होतं.

तेव्हा मला लख्ख कळलं. नाव काढायला संग्राम पुरेसा होता, रोज काढतच होता. आबांना माझा हात पाहिजे होता. उद्या कुणी विचारलं असतं की हे नाव का नाही, तर उत्तर तयार होतं. त्याच्या पोरीनंच काढलं बाबा, बघा इतिहास. बापाला पुसायला लेकीचा हात, आणि वर लेकीची कबुली. असा डाव शिकलेल्या माणसालाही सुचत नाही.

मग मी खाली खाली बघत गेले. अगदी तळाला, पानाची पहिली ओळ. ती माझी. दुसरी माझी. शंभराच्या वर नावं, एकेक अक्षर माझ्या खात्यातून गेलेलं. ज्याला सगळं गाव आबांचं पान म्हणत होतं, तिथं आबांच्या बोटाचं एक अक्षर नव्हतं. म्हणून ते पान माझं झालं असं मी म्हणणार नाही. पण जे कुणाचंच नाही त्यावर माझा हक्क आबांइतकाच आहे, हे पहिल्यांदा मला पटलं. कागद वाचून नव्हतं पटलं. कानात शिट्टी वाजत असताना पटलं.

मी नाव घातलं. कारणाच्या चौकोनात लिहिलं: ‘काल दुपारी ग्रामपंचायतीत आबांनी माझं मनगट धरून हे नाव माझ्याकडून काढून घेतलं आणि मला मारलं. चूक नव्हती. जबरदस्ती होती.’ कृपया नाही. विनंती नाही. जतन करा.

दहाच्या सुमाराला ते आले. संग्राम आणि त्याच्याबरोबर दोघं. मी धुण्याच्या दगडावर होते. त्यानं माझा मोबाइल उचलला आणि दगडावर आपटला. एकदा आपटून भागेना, तीनदा आपटला. मग माझ्या केसांना धरलं आणि फरफटत अंगणाच्या मध्यात आणलं.

“माजलीस व्हय गं? आबांचं नाव लिवतीस?”

बाप मध्ये आला. हात जोडून आला. “संग्रामराव, पोर हाय,” एवढंच म्हणाला. संग्रामनं त्याला ढकललं, तो पडला, आणि पडल्यावर संग्रामनं बुटानं त्याच्या डाव्या पायावर पाय दिला. जिथं बोटं नाहीत तिथं. मुद्दाम. रगडला. माझ्या बापाचा आवाज मी जन्मात तसा ऐकला नव्हता.

धोपाटणं दगडावरच पडलेलं होतं. बाभळीचं, आजीच्या वेळचं. ते मी दोन्ही हातांनी उचललं आणि संग्रामच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा वार खांद्यावर बसला. तिसरा त्याच्या डोक्यावर बसला असता, आईनं मला मागून कवळा घातला म्हणून राहिला. बरोबरचे दोघं ओढा ओलांडून पळाले. संग्राम हात धरून ओरडत बसला होता, आणि वस्तीतली माणसं कुंपणाला उभी होती. कुणीही त्याला पाणी दिलं नाही.

मला वाईट वाटलं का, असं पुष्कळांनी विचारलं. मॅडमनीही विचारलं. नाही वाटलं. आजही वाटत नाही. तिसरा वार राहिला याचं कधीकधी वाटतं.

तालुक्याला फिर्याद द्यायला गेलो तर हवालदार म्हणाला, “गावातच ऱ्हायचंय न्हवं तुमास्नी?” मी इतिहासाच्या पानाची छापलेली प्रत त्याच्या टेबलावर ठेवली. हात मोडीन, हे वाक्य. पुढं संग्रामचं नाव, तारीख, वेळ. या लोकांना वाटलं होतं की फळ्यावरचं पुसलं की गेलं. चावडीत बोललेलं हवेत जातं, साक्षीदार फिरतात, आजवर हेच बघत आलेली माणसं. इथं त्यांनी धमकी स्वतःच्या हातानं लिहून, स्वतःच्या नावानं जतन करून ठेवली होती. पाच तास बसलो, तेव्हा गुन्हा नोंदला. संग्रामनं माझ्यावरही टाकलाय. दोन्ही चालू आहेत. माझी नोकरी गेली.

शिळा उभी राहिली. मोठे पाहुणे आले, बँड वाजला. गर्दी ओसरल्यावर मी जाऊन ती वरपासून खालपर्यंत वाचली. प्रत्येक नाव मी टाइप केलेलं. माझ्या बापाचं नाही.

वाचता वाचता आणखी एक कळलं, आणि त्याची मला लाज वाटली. पलटणीत खानसामा असलेला मुलाणी चाचा नव्हता. फौजेत तेच काम केलेला न्हावी नव्हता, परीट नव्हता. महिनाभर यादी लिहिताना मी फक्त माझ्या बापाची वाट बघितली होती. या तिघांची मला आठवणही झाली नव्हती.

मी तिघांच्या घरी गेले. परीट म्हणाला, “आमचं नगं. आमाला ह्याच गावात कपडं धुवायचं हायीत.” ठीक. त्याचं नाव मी लिहिणार नाही. परवानगी घ्यायची असते ती ही. ज्याचं नाव, त्याची. आबांची नव्हे. न्हाव्यानं दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी कागद आणून दिले. मुलाणी चाचा आत जाऊन सेवापुस्तिका घेऊन आले. “घाल बेटा. लय दिस गप बसलो.”

सध्या मॅडमनी त्या पानाला कुलूप लावलं आहे. कुणालाच बदल करता येत नाही. दोन्ही बाजू शांत होईपर्यंत, असं वर लिहिलंय. संग्रामचा हात मोडल्यावर त्याच्या भावानं नाव परत काढलं होतं, आणि कुलूप नेमकं त्याच्यानंतर लागलं. म्हणजे कुलपाच्या आत माझा बाप नाही. मी मॅडमना कळवलंय की एक बाजू शांत होणार नाही.

कुलूप आज ना उद्या काढावं लागेल. निघालं की त्याच मिनिटाला मी तीन ओळी घालणार आहे. पहिली ही: धोंडिराम बाळू वायदंडे, सफाईवाला, भूदल, अठरा वर्षं. ते काढतील. मी घालीन. ते दहादा काढतील, मी अकराव्यांदा घालीन. उजवा हात मोडला तर डाव्यानं घालीन. आणि दर वेळी कारण लिहीन: हे नाव आधी कुणी काढलं, त्याच्या बापाच्या नावासकट.